विहिरीची पाळी ठरली, खडकाची कधी ठरणार?

मा. सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि आपल्या ओढ्याच्या दोन्ही अंगांचे विहीरवाले नि बोअरवाले यांना,

स. न. वि. वि.

सातबाऱ्यावर माझे नाव नाही. विहिरीच्या आणेवारीतही, म्हणजे आण्यांतल्या हिश्श्यांतही, नाही. तरी आमच्या विहिरीचे पाणी गेली दोन वर्षे मीच मोजते आहे. दर सोमवारी पहाटे, मोटार चालू व्हायच्या आत. कठड्यावरून टेप खाली सोडताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले आहे आणि “सूनबाई, काय पडलं विहिरीत?” असे विचारूनही झाले आहे. विहिरीला पाळी आहे तशी खालच्या खडकातल्या पाण्यालाही हवी, हा विषय मी महिला सभेत दोनदा मांडला. दोन्ही वेळा इतिवृत्तात “चर्चा झाली” एवढीच ओळ आली. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याला ओळीपेक्षा जास्त जागा मिळावी, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

आमची विहीर आजेसासऱ्यांनी खणली, बैलांच्या मोटेच्या काळात. पाच परस खोल होती (परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढे माप). बहात्तरच्या दुष्काळात सुरुंग लावून आणखी दोन परस खाली नेली. पुढे तिघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, बैल वाटले, बांधावरच्या आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या. विहीर काही वाटता येईना, म्हणून पाळी वाटली. थोरल्याला आठ आणे, धाकट्या दोघांना चार-चार आणे. आठ दिवसांची फेरी, त्यात चार दिवस थोरल्याचे, दोन-दोन दिवस बाकीच्यांचे. आज खातेदार अकरा झालेत. भावकीत दोघांचे बोलणे बंद आहे, एक दावा तालुक्याच्या कोर्टात आहे. पण पाळी मोडलेली नाही. कुणाच्या घरी लग्न असले तर पाळी उसनी देतात, मयत झाले तर न मागता सोडतात. लाइट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, म्हणून रात्रपाळीच्या आठवड्याचा हिशेब वेगळा ठेवतात. हे सगळे तुमच्याही घरी आहेच, मी नवे काही सांगत नाही.

मला प्रश्न पडला तो असा. पाळी मोडली नाही, विहिरीतले भागीदार वाढले तरी आणे सोळाच राहिले, मग पाणी गेले कुठे? मामंजी सांगतात, पूर्वी अंजिराचा मीठा बहार निघेपर्यंत मोटार सलग पाच तास चालायची. आता एप्रिलमध्ये पाऊण तासात फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, उघडा पडतो. पाऊस कमी झाला म्हणावे, तर घरातल्या जुन्या वह्यांमध्ये पावसाच्या नोंदी आहेत आणि आपल्याकडे तेव्हाही जेमतेम पाचशे मिलिमीटरच पडत होता. कधी सातशे, कधी तीनशे.

मे महिन्यात विहीर पार तळाला गेली, तेव्हा दोराने खाली उतरले. घरच्यांना आवडले नाही, पण दिराने दोर धरला. विहिरीची भिंत खालून वर पाहिली की वाचता येते. सगळ्यात वर तीन फूट काळी माती. मग मुरूम, दहा फुटांपर्यंत. त्याखाली आपण ज्याला मांजऱ्या म्हणतो तो दगड, करडा-तांबूस, अंगावर छिद्रे आणि छिद्रांत पांढरे खडे. तो साधारण पस्तीस फुटांपर्यंत. त्याखाली काळा पाषाण, ज्यावर बहात्तर साली सुरुंगाच्या नळ्या मारल्या त्याच्या खुणा अजून आहेत. आणि पाणी? आजवर आम्ही म्हणत आलो की तळातून उमाळा येतो. तळ तर कोरडा ठणठणीत होता. पाणी येत होते मांजऱ्याच्या शेवटच्या हातभर जागेतून, पाषाणाला टेकतो तिथल्या आडव्या भेगेतून, तेही फक्त वरच्या माळाच्या बाजूने. ओढ्याकडची बाजू नुसती ओलसर. म्हणजे आजेसासऱ्यांनी बहात्तर साली जे दोन परस खणले, त्यात त्यांनी झरा गाठला नव्हता. वरून आलेले पाणी साठवायला हौद खोल केला होता!

पुण्याहून भूजलाचे काम करणाऱ्या एक बाई आपल्याकडे आल्या होत्या, त्यांनी मला या दगडाची गोष्ट सांगितली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, कित्येकदा. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा यायचा. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन या दगडावर आहे. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वाफेचे, वायूचे बुडबुडे अडकले, भाकरीचा पापुद्रा फुगतो तसे. तो मांजऱ्या. थराचे पोट सावकाश निवले, ते घट्ट झाले. तो पाषाण. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर तांबड्या मातीचा भाजलेला पट्टा राहिला, तो आपला गेरू, त्यातून पाणी सहसा खाली जात नाही. मांजऱ्या झिजतो, त्याला आडव्या भेगा पडतात, त्यात पाणी राहते आणि भेगेभेगेने सरकते. पाषाणात पाणी असलेच तर उभ्या चिरेत.

म्हणजे खाली नदी नाही. ‘शीर’ही नाही, निदान पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून दाखवतो तशी तर नाहीच. (पाणाड्यांना मी नावे ठेवणार नाही. जुन्या पाणाड्यांना जमिनीचा उतार, उंबराची झाडे, वारुळे यांतले बरेच कळत असे, नारळ हा देखावा. पण त्यांचे जे बोअर फेल गेले ते कुणी मोजत नाही.) खाली आहे तो ओल्या दगडाचा एक थर. आणि हा दगड फार कंजूष आहे. वाळूच्या थरात शंभर घागरी जागेतून दहा-पंधरा घागरी पाणी निघते, आपल्या मांजऱ्यातून दोन. सरकारी भूजलाचा हिशेबही आपल्या दगडाला साधारण दोनच टक्के धरतो.

ही दोन टक्क्यांची गोष्ट नीट ऐका, पुढचे सगळे तिच्यावर आहे. एक एकर रान घ्या. त्याच्या खालच्या थरातली पाण्याची पातळी एक मीटर उतरली, म्हणजे किती पाणी गेले? ऐंशी हजार लिटर. पाच हजारांचे सोळा टँकर. बस्स. आमच्या विहिरीचा व्यास आठ मीटर आहे, तिच्यात एक मीटर उंचीचे पाणी असले तर ते पन्नास हजार लिटर भरते. म्हणजे विहिरीत वाकून पाहिले की जे भरपूर वाटते, त्याच्या जेमतेम दीडपट एका अख्ख्या एकराच्या खाली असते. विहीर आपल्याला फसवते. ती थराची परिस्थिती दाखवते खरी, पण फुगवून.

मग मी इतरांच्याही विहिरी मोजायला लागले. ज्यांनी मोजू दिल्या त्यांचे आभार, ज्यांनी “आमच्या पाण्याला नजर लावायला आली का” म्हटले त्यांचेही. अकरा विहिरी झाल्या. नुसती कठड्यापासूनची खोली मोजून काही कळेना, कारण कोणाचा कठडा उंचावर, कोणाचा ओढ्याला लागून. माझा भाऊ डिप्लोमा सिव्हिल आहे. दिवाळीत भाऊबीजेला आला तो साडीऐवजी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायचे यंत्र, घेऊन आला. मीच तशी मागितली होती. दोन दिवस बांधाबांधाने फिरून आम्ही सगळे कठडे एका मापात आणले. मग पाण्याच्या पातळ्या कागदावर मांडल्या.

अकरातल्या नऊ विहिरींचे पाणी एका उतारावर आले. जणू एक चादर माळावरून ओढ्याकडे पसरली आहे आणि आपण नऊ ठिकाणी तिला भोके पाडली आहेत. दहावी, ओढ्यापलीकडची, तीही त्याच चादरीत. ओढा वर वाहतो, थर त्याच्या खालून पलीकडे जातो. म्हणजे ‘अलीकडचे’ आणि ‘पलीकडचे’ हे आपले भांडण खडकाला ठाऊक नाही. अकरावी मात्र वेगळी निघाली. देवळामागची. तिचे पाणी आमच्यापेक्षा साडेसहा मीटर वर. तिच्या तळाला गेरूचा पट्टा आहे, त्यावर तिचे पाणी अडून बसले आहे, तो थरच निराळा. ती विहीर कधी आटत नाही याला आपण देवीची कृपा म्हणतो. असेलही, पण गेरूही आहे. आणि तिच्यावर मोटार नाही, पोहऱ्याने शेंदतात, हेही विसरू नका.

खालच्या मळ्यातल्या आबांशी मी एक पैज लावली. त्यांची विहीर आमच्यापासून दोनशे मीटर. एका रविवारी आमच्यासकट सगळ्या शेजाऱ्यांच्या मोटारी बंद ठेवल्या आणि त्यांची एकट्याची सहा तास चालवली. मी आमच्या कठड्यावर बसून दर अर्ध्या तासाला टेप सोडत होते. दुपारपर्यंत काही नाही. मला वाटले हरले. चौथ्या तासाला पाणी बोटभर उतरले, सहा तास झाले तेव्हा चार बोटे. त्यांची मोटार बंद केल्यावरही ते आणखी थोडे उतरले आणि मग थांबले. आबांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः येऊन टेप धरला. तेव्हापासून ते माझ्या बाजूने आहेत, त्यांना ग्रामसभेत बोलायला लावा.

आता बोअरचे. गेल्या तीन उन्हाळ्यांत या एका पट्ट्यात चौदा बोअर झाले. त्यातला एक आमचाच, त्यामुळे मी कुणाकडे बोट दाखवत नाही. गाडी आली होती तिरुचेंगोडची, तमिळनाडूची, आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा गाड्या तिकडच्याच असतात. गाडीवरच्या मुलांना मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हती. मी प्लॅस्टिकच्या बरण्या दाखवल्या आणि दर दहा फुटांना मूठभर भुकटी द्या असे खुणेने सांगितले. त्यांनी हसत हसत दिली. त्रेचाळीस बरण्या माझ्याकडे मांडणीवर आहेत. लोक लोणची ठेवतात, मी दगड ठेवलेत. पहिल्या तीनचार तांबूस-करड्या, मग काळ्याशार, मग एकशेनव्वद फुटांना विटेसारखी लाल, पुन्हा करडी, पुन्हा काळी. पस्तीस फुटांना भुकटी ओली आली होती. तो आपला थर. पुढे एकशेनव्वदपर्यंत सुकी धूळ. चारशेवीस फुटांना पुन्हा पाणी, दीड इंच. सगळ्यांनी पेढे वाटले.

चार महिने चालले. मग अर्धा इंच, मग गुळण्या. मोटार वर काढली त्या रात्री मी बोअरच्या तोंडाला कान लावला. तुम्हीही लावून बघा, ज्यांचे बोअर बंद आहेत त्यांनी तर नक्की. आत पाणी पडल्याचा आवाज येतो. खूप खालून नव्हे, वरूनच, जवळून. नळ अर्धवट उघडा राहावा तसा. आपण केसिंगचा पाइप टाकतो वीस फूट, कारण त्याचे पैसे फुटावर असतात. मुरूम ढासळू नये एवढीच त्यामागची बुद्धी. त्याखाली पस्तीस फुटांवरचा मांजऱ्या उघडाच राहतो. खालचा थर रिकामा झाला की वरच्या थराचे पाणी त्या सहा इंची भोकातून रात्रंदिवस खाली गळते. मोटार बंद असली तरी. घरात कुणी नसले तरी. आपल्या विहिरीला पाळी आहे, या गळतीला पाळी नाही. चौदा बोअर म्हणजे हौदाच्या बुडाला चौदा भोके, आणि आपण वर बसून चार आणे-आठ आण्यांचा हिशेब घालतोय.

खालचे पाणी म्हणून जे चार महिने वापरले, त्यातले किती खालचे आणि किती वरूनच गळलेले, मला नक्की सांगता येणार नाही. खालच्या थराला पावसाचे पाणी पोचायला आधी गेरू ओलांडावा लागतो, एवढे मात्र बरण्या सांगतात.

हिशेबाकडे येते. आपल्याकडे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर एका एकरावर वीस लाख लिटर पाणी पडते. त्यातले बरेच ओढ्याने जाते, बरेच उन्हाने नि पिकाने जाते, आपल्यासारख्या दगडात साधारण दहा टक्के मुरते. म्हणजे एकरी दोन लाख लिटर. माझ्या कागदावर आपला हा थर माळापासून ओढ्यापलीकडपर्यंत सुमारे एकशेवीस एकर भरतो. वर्षाची कमाई दोन कोटी चाळीस लाख लिटर. बंधारे, चर यांनी त्यात थोडी भर पडते, पण घर चालवायला पगार हाच.

आता खर्च. मोकळ्या पाण्याच्या, ठिबक नसलेल्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. पावसाचे पाचशे वजा केले तरी एकरी साठ लाख लिटर विहिरीतून. म्हणजे एक एकर ऊस तीस एकरांची मुरवण पितो. आपल्या थरावर आज तीन एकर ऊस आहे. एक कोटी ऐंशी लाख तिथेच गेले. यातले काही पाणी पुन्हा जमिनीत मुरते हे मान्य, माझे आकडे ढोबळ आहेत, कुणी खोडून काढले तर मला आनंदच आहे. पण उरलेल्या साठ लाखांत अंजीर, सीताफळ, वाटाणा, घेवडा, कांदा, जनावरे आणि सात वस्त्यांचे पिणे बसवून दाखवा. ऊसवाल्यांचे मला पटते एका बाबतीत: उसाला कारखान्याचा भाव ठरलेला असतो, वाटाण्याला मंडईत काय मिळेल ते देवाला ठाऊक. हा प्रश्न पाण्याच्या बाहेरचा आहे, तो या पत्रात सुटणार नाही.

शेततळ्यांबद्दल बोलले की लोकांना राग येतो, पण बोलते. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवायचे असा शेततळ्याचा अर्थ होता. आपण त्याला प्लॅस्टिकचा कागद घालतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरीतून, बोअरमधून उपसून भरतो. का भरतो, तेही मला माहीत आहे. आपण नाही उपसले तर शेजारी उपसेल. पाणी थरात राहिले तर सगळ्यांचे, तळ्यात आले तर माझे. चौतीस बाय चौतीस मीटरचे तळे उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर उन्हाला देते, म्हणजे दिवसाला आठ-नऊ हजार लिटर. खडकात ठेवले असते तर सूर्याला एवढे पोचले नसते. इतका चांगला झाकलेला हौद फुकट मिळालेला असताना आपण कर्ज काढून उघडा हौद बांधतो, कारण झाकलेल्या हौदाला पाळी नाही.

ग्रामपंचायतीला एक वेगळे सांगणे आहे. ओढा खोल करायचे यंदा पुन्हा चालले आहे असे ऐकते. गाळ काढा, जरूर काढा. पण मागच्या खेपेला वळणावर जेसीबी मुरूम फोडून मांजऱ्यात गेला होता. त्या पावसाळ्यानंतर तिथे डिसेंबरपर्यंत पाणी साचलेले दिसले आणि आपण फोटो काढले. ते पाणी मुरायला थांबले नव्हते, ते थरातून बाहेर आले होते. माझ्या वहीत त्या वर्षी ओढ्याजवळच्या तिन्ही विहिरी इतरांच्या आधी उतरलेल्या आहेत. हौदाची तोटी आपणच खाली बसवली. मुरवायचे काम माळावर करायला हवे, जिथून थर भरतो, आणि तो माळ अर्धा शेजारच्या गावाच्या हद्दीत आहे. तेव्हा त्यांच्या सरपंचांशी बोलणे ओघाने आलेच. शिवेचा दगड थराच्या मध्यभागी आहे, काय करणार.

पिण्याचे थोडक्यात. सात वस्त्या खासगी विहिरींचेच पाणी पितात, नळाचे कनेक्शन असले तरी. भेगांचा दगड वाळूसारखे पाणी गाळत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या विहिरीचे पाणी काही तासांत गढूळ होते, म्हणजे गोठ्याचे आणि शोषखड्ड्याचेही तेवढ्याच वेगाने पोचत असणार. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको असे प्रमाण आहे. गटातल्या आम्ही तिघी किटवर तपासायला शिकलो आहोत, बाटली आणून द्या, पैसे लागत नाहीत. आणि टीसीएल (ब्लिचिंग पावडर) फक्त सार्वजनिक विहिरीत टाकून भागणार नाही.

कायदा काय म्हणतो असे कुणीतरी विचारणारच. १८८२ चा इंग्रजांचा कायदा सांगतो की ठरावीक प्रवाहात न वाहणारे, आपल्या जमिनीखालचे पाणी जमीनवाल्याने आपल्या हद्दीत घ्यावे. आपण सगळे अजून त्याच समजुतीवर चालतो. पुढे १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नव्या विहिरीला आडकाठी केली. नंतर महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा आला, त्यात ६० मीटरहून खोल ती ‘खोल विहीर’ ठरली आणि तिच्यावर बंधने आली, विहिरींच्या नोंदणीची आणि पाणलोटाच्या समितीची गोष्ट आली. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्या चौदांपैकी दोनशेच्या आत किती आहेत, हात वर करा. मी तक्रार करणार नाही, केली तर आमचाच बोअर पहिला जाईल. पण तालुक्यावरून कुणी येऊन मोजेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या राज्यभरात निरीक्षण विहिरी आहेत चार हजारांच्या आसपास आणि गावे आहेत चाळीस हजारांवर. त्या वर्षातून चार वेळा मोजतात. त्यातली एकही आपल्या थरात नाही.

वाटून घेणे आपल्या पुरंदर तालुक्याला नवे नाही. नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकराचे पाणी, घरटी जास्तीत जास्त अडीच एकरांचे, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. माझे माहेर त्या बाजूचे, त्यामुळे मला हे नियम पाढ्यांसारखे ऐकून पाठ आहेत. ते पाणी पाझर तलावाचे, उपसा योजनेचे होते, डोळ्यांना दिसणारे होते. थरातले दिसत नाही एवढाच फरक. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवले आणि पावसाचा हिशेब मांडून मग पिके ठरवली, हेही तुम्ही जाऊन पाहून आलात. सहलीचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे.

तेव्हा माझे मागणे एवढेच, की विहिरीला जी पाळी आहे ती थराला लावायची चर्चा रब्बीच्या पेरणीआधी व्हावी. कुणाची मोटार काढून घ्या असे मी म्हणत नाही. नव्या बोअरला गावाने तीन अटी घालाव्यात: गाडी येण्याआधी ग्रामपंचायतीत नोंद, मांजऱ्या पार करून पाषाणात बसेल इतके केसिंग आणि त्याच्या भोवती सिमेंट, आणि दर दहा फुटांची भुकटी बरणीत भरून शाळेत जमा. पोरांना भूगोल तरी कळेल. जे बोअर फेल गेले आहेत आणि ज्यांच्यात आवाज येतो, ते वरच्या थराखाली बंद करायचा खर्च वित्त आयोगाच्या पैशांतून बसतो का, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाहावे. तळी भरायची की नाही, कधी भरायची, हे ज्याने त्याने रात्री ठरवू नये. आणि आडव्या बोअरचे मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण कुणाचा बोअर कुणाच्या बांधाखाली गेला आहे हे उघडे पडले तर ग्रामसभा त्यावरच संपेल. ते पुढच्या सभेला.

आणेवारी कशी करायची हा अवघड भाग आहे, मला त्याचे उत्तर सापडलेले नाही. एकरावर करावी तर मोठ्या खातेदारांचे फावते, माणशी करावी तर ज्यांनी विहिरीला पैसा घातला ते भांडतील. ज्यांची विहीरच नाही पण ज्यांच्या रानात पडलेला पाऊस आपल्या थरात मुरतो, त्यांचे काय, हा प्रश्न माझ्या जावेने विचारला आणि मी गप्प झाले. माळावरचे मेंढके सोडले तर त्या मुरणाऱ्या पाण्याचा मालक कोण? आपल्या आजोबांनी सोळा आण्यांत तीन भाऊ बसवले, तेही एका दिवसात बसले नव्हते म्हणतात.

सभेत काहीतरी हातात असावे म्हणून एक विनंती. ३० सप्टेंबरच्या रात्री दहा वाजल्यापासून थरावरच्या सगळ्या मोटारी बंद ठेवाव्यात, बोअरच्याही. त्या आठवड्यात आपल्याला लाइट रात्रीचीच आहे, त्यामुळे हे जड जाईल याची कल्पना आहे. १ ऑक्टोबरला पहाटे पाचला आम्ही चौघी आणि आबा टेप घेऊन निघू, माळाकडून सुरुवात करू, ओढ्यापलीकडे उजाडता पोचू. ज्यांना मोजू द्यायचे नाही त्यांनी देऊ नये, पण स्टार्टर तेवढा बंद ठेवावा, नाहीतर शेजाऱ्याचे माप चुकते. आलेले आकडे दुसऱ्या दिवशी सभेत फळ्यावर लिहीन. बरण्याही आणणार आहे. त्रेचाळीस आहेत, टेबल मोठे लागेल.

आपली,
वरच्या मळ्यातली धाकटी सून
ता. पुरंदर, जि. पुणे